डाव्या सीटचं माप

पेणला हायवेवर माझं सीट कव्हरचं दुकान आहे. दोन शटरचं, वर माळा, मागे शिलाईची सहा मशीनं. डोलवीच्या कंपनीत माणसं नेणाऱ्या बसगाड्या, धाटावच्या शिफ्टच्या गाड्या, शाळेच्या व्हॅन, सगळ्यांना कव्हरं आमच्याकडची. हे मी कोणाच्या जिवावर उभं केलेलं नाही. त्यामुळे स्वतःच्या गाडीच्या सीट करून घ्यायला रोह्याला जातो म्हटल्यावर बायको म्हणाली, "हलवाई दुसऱ्याच्या दुकानात पेढे आणायला जातो होय?"

तिला कारण माहीत होतं. मला डिवचल्याशिवाय तिला राहवत नाही, एवढंच.

गाडी जुनी, विलायती, दोनच माणसांची. टप नाही. इतकी बुटकी की शेजारी उभं राहिलं तर तिच्या दाराची वरची कड माझ्या मांडीला लागते. अलिबागकडे एका बंगल्याच्या आवारात ती वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून होती आणि राखणदाराच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. मी गेलो होतो सोफ्याच्या कामाचं विचारायला. मालक परदेशात, त्याच्या पुतण्याशी तीन आठवडे फोनवर घासाघीस केली. तो म्हणायचा, ही अँटिक आहे. मी म्हणायचो, हे खुराडं आहे. शेवटी खुराड्याच्या आसपासच्या भावात मिळाली. इंजिनाला वर्ष गेलं, पत्र्याला आणि रंगाला सहा महिने. बाटलीसारखा गडद हिरवा रंग दिला. राहिल्या त्या सीट.

मूळच्या सीट खाऱ्या हवेने खाल्ल्या होत्या. फ्रेमला अंगठ्याने दाबलं तर गंजाचा भुगा हातात यायचा. मुंबईचा एक डीलर हुबेहूब तशाच सीट बाहेरून मागवून देतो म्हणाला, पण त्याचा भाव ऐकून मी त्याला गाडीचीच किंमत विचारतोय असं वाटलं. आमच्या दुकानातल्या कारागिरांना कव्हर चढवता येतं, सीट आतून करता येत नाही. स्प्रिंगा बांधणं, गोणपाटासारखं किंतान ताणणं, काथ्या भरणं, हे त्यांनी पाहिलेलंच नाही. मला येतं. पण वीस वर्षांहून जास्त काळ माझ्या हातात दाभण नव्हतं, गल्ल्याची किल्ली होती.

ज्यांनी मला दाभण धरायला शिकवलं ते मेस्त्री रोह्याला, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत राहतात. खाली दुकान, वर घर. एकोणिसाव्या वर्षी मी तिथे गेलो तो मिठाच्या गोणी घेऊन. माझा बाप पेणच्या खाडीकडच्या मिठागरावर राबायचा. मेस्त्रींना वर्षाला दोन गोणी जाडं मीठ लागायचं, खायला नव्हे, कामाला. ते मी एसटीच्या टपावर टाकून पोचवायचो. तिसऱ्या खेपेला परत आलोच नाही, तिथेच कामाला लागलो.

मिठाचं काम असं. ओसरीवर एक उथळ लाकडी चौकट असायची, तिच्यात ओलसर मीठ वीतभर थापलेलं. गिऱ्हाइकाने त्यावर किंतान टाकून पाव तास बसायचं, चहा प्यायचा, गप्पा मारायच्या. उठला की मेस्त्री किंतान अलगद उचलायचे आणि मिठात उमटलेली बैठक बघायचे. कुठे खळगा खोल, कुठे नुसता ओरखडा. बोट घालून खोली मोजायची आणि त्या हिशेबाने सीटमध्ये काथ्या कमीजास्त भरायचा. मी विचारलं होतं, वाळू का नाही? म्हणाले, "वाळू ढासळते. मीठ धरून ठेवतं." ती चौकट लोखंडाजवळ मात्र न्यायची नाही. एकदा मी ती नव्या स्प्रिंगांच्या शेजारी ठेवली आणि कानाखाली खाल्ली. महाड, माणगावचे ट्रकवाले त्यांच्याकडे यायचे ते उगीच नाही. आठ-दहा तास गाडी हाकणारा माणूस उतरल्यावर कमरेला हात लावत नाही, अशी ती सीट.

मी नऊ वर्षं राहिलो. मग बाजारात फोम आला, तयार मापाची कव्हरं आली. मी म्हटलं, मेस्त्री, आपण हे करू. कोणाला बसवायला नको, मोजायला नको, दिवसाला दहा जातील. ते म्हणाले, "माणूस न बघता सीट कोणाची करू?" मी म्हटलं, तुम्ही माणसं बघत बसा. आणि निघालो. पेणला हायवेवर ताडपत्रीखाली एक भाड्याचं मशीन टाकलं. पुढे पक्कं दुकान झालं. उद्घाटनाला मेस्त्रींना मी स्वतः जाऊन बोलावलं. ते आले. नारळ फुटला, पेढे वाटले, माझे सासरे, माल देणारे व्यापारी, नगरसेवक, सगळे जमलेले. मेस्त्रींनी मांडून ठेवलेल्या कव्हरांवरून एकदा हात फिरवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "छान. उशांचे अभ्रे बरे शिवतोस."

सगळे हसले. सासरेसुद्धा. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अभ्रे खपतात मेस्त्री. तुमच्या गाद्यांवर आता उंदीर बसतात."  मेस्त्री हातातला पेढा खाऊन, हात धुऊन, एसटी पकडून गेले. त्या दिवसापासून पेण ते रोहा हा तासाभराचा रस्ता मी टाळत आलो. रोह्याजवळच्या धाटावची कामं घेतली, पण माल पोचवायला दुसऱ्याला धाडलं.

गाडी रंगून दारात उभी राहिली तेव्हा मला कळलं की मला काय हवंय. तो अभ्र्यांचा शब्द त्यांनी मागे घ्यायला हवा होता. आणि तो माणूस मला शेजारच्या सीटवर हवा होता, रोह्याहून निडीपर्यंत, भाताच्या खाचरांमधल्या रस्त्याने. पहिली गोष्ट मी बायकोजवळ शंभरदा बोललो होतो. दुसरी तिलाही सांगितली नव्हती.

भंगारवाल्याकडून मी एका जुन्या गाडीच्या दोन बुटक्या सीट मिळवल्या. फ्रेम चांगली होती, भावही पाडून घेतला. एका रविवारी सकाळी, ड्रायव्हरच्या जागी फळी आणि भुशाचं पोतं टाकून, त्या दोन सीट शेजारी दोरीने बांधून, मी गाडी रोह्याला हाकली. नागोठण्याच्या नाक्यावर लोक उभं राहून हसले. हसू दे म्हटलं.

दारात काकी होत्या, मेस्त्रींच्या बायको.

"मेस्त्री हायत काय?"

"हायत. जातायत कुठं?" मग डोळे बारीक केले. "अगो बाई! पेणचा ना रे तू? केस गेले की तुझे सगळे!"

मेस्त्री ओसरीवर एका दवाखान्याच्या बाकाला रेक्झिन ठोकत बसले होते. अर्धं दुकान मोबाईल दुरुस्तीवाल्याला भाड्याने दिलेलं. मला राहवलं नाही. "रेक्झिन, मेस्त्री?"

"पोट हाय," ते म्हणाले, वर न बघता. "या अभ्रेवाले."

तिथूनच गाडी वळवावी असं मनात आलं. पण मी थांबलो. मेस्त्री भिंतीला धरून उठले, पायऱ्या एकेक करत उतरले आणि गाडीभोवती फिरले. बॉनेट नाही, रंग नाही, चाकं नाहीत. फक्त आतली रिकामी जागा बघितली. मग म्हणाले, "सीट ठेव. दार लाव."

सीट ठेवली. दार लागेना. दोन बोटं राहत होती.

"माप घेतलं व्हतंस?"

"घेतलं होतं."

"दार उघडं ठेवून?"

 मोबाईलवाला आतून खुदकन हसला. मेस्त्रींनी वितीने जागा मोजली, दोन आकडे सांगितले आणि म्हणाले, "ही देऊन टाक. पेणला वेल्डिंगवाल्याकडून या मापाची फ्रेम कर. सीट सरकायच्या पट्ट्या गाडीच्याच ठेव."

मग आम्ही चहाला बसलो आणि मी कामाचं विचारलं. मेस्त्रींनी आकडा सांगितला. आकडा मोठा होता, पण मी त्याच्या दुप्पट मनाशी धरून आलो होतो. हो म्हणायचं होतं. तोंडातून मात्र निघालं, "निम्मे घ्या."

खरं सांगतो, ते मी म्हटलं नाही, माझ्या जिभेने म्हटलं. तीस वर्षं समोरचा जो आकडा सांगेल तो निम्मा करायची तिला सवय.

काकी आतून म्हणाल्या, "अजून तसाच हाय."

मेस्त्रींनी कप खाली ठेवला. "बरं. निम्म्यात निम्मं काम. उजवी मी करीन, डावी तू."

"मी?"

"दुकान कुणाचं हाय? सीटचं ना?"

मी चिडून म्हटलं, करतो. परतताना वाटेत लक्षात आलं की त्यांचे हात कपाशी थरथरत होते. दोन सीट त्यांच्याने झाल्याच नसत्या. मी निम्मे म्हणणार हे त्यांना ठाऊक असावं. भाव पाडण्यात मी स्वतःला उस्ताद समजतो. त्या दिवशी सौदा त्यांनी केला होता.

पुढचे तीन महिने दर रविवारी मी रोह्याला जात होतो. पहिल्यांदा मला मिठावर बसवलं. मीठ आता दुकानातून आणलेलं. आमचं मिठागर कधीच बंद पडलं. पाव तासाने उठलो. मेस्त्री बघत राहिले.

"सगळा भार उजवीकडं. गल्ला उजव्या हाताला हाय काय रे?"

होता.

"आणि पुढं सरकून बसतोस. भांडायला निघालेला माणूस असा बसतो. मागे काथ्या जास्त भरतो, म्हणजे टेकून तरी बसशील."

चामडं मी मुंबईच्या बाजारातून आणलं, तपकिरी. व्यापारी कातड्यावरचे ओरखडे लपवत होता. मी एकेक दाखवून भाव खाली आणला. मेस्त्रींनी ते उन्हात धरलं, चिमटीत पिळलं, वास घेतला. म्हणाले, पावसाळ्यात बुरशी येईल, दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसावं लागेल, होईल काय तुझ्याने? मी म्हटलं, होईल. एका ठिकाणी काट्याने फाटून भरलेला जुना व्रण होता. मी तो तुकडा खाली जाईल असा कापायला निघालो. त्यांनी हात धरला. "वरच ठेव. तिथलं कातडं जाड असतं."

उजवी सीट ते करत होते, कशी ते सांगायला हवं. दाभणात सुतळी ओवायला काकी. स्प्रिंग बांधताना एक टोक मी धरायचं. गाठ मारायची वेळ आली की त्यांचा हात थांबायचा, थरथर ओसरायची वाट बघायचा, आणि मग एका झटक्यात गाठ बसायची. दर गाठीला असं. मी माझ्या दुकानात कोणाला दहा सेकंद उगीच थांबू देत नाही. तिथे मी दोरी धरून थांबत होतो.

मग एका रविवारी म्हणाले, "डावी कोणाच्या मापाची?"

मी तयार नव्हतो. "कोणाच्या असं नाही. साधारण."

"बायको?"

"तिची कंबर धरलेली. ती बसणार नाही म्हणते."

"पोरगा?"

"पुण्याला असतो. त्याला असल्या गाड्या आवडत नाहीत."

"मग साधारण सीट तुझ्या दुकानात मिळते की. इथं कशाला करतोस?"

मला सणक आली. मी म्हटलं, "मेस्त्री, आधी तो उद्घाटनाचा शब्द मागे घ्या. मग कोणाची ते सांगतो."

"तुझा उंदराचा शब्द?"

"तुम्ही आधी बोललात."

"मी आधी बोललो, तर मागं पण मीच आधी घेऊ? वा."

"वयाने मोठे आहात."

"म्हणून तर तू आधी."

काकी म्हणाल्या, "घ्या गो बाई, दोन रेडे. चहा थंड झाला." कोणी काही मागे घेतलं नाही. तो शब्द आजही जिथे होता तिथेच आहे, माझाही आणि त्यांचाही.

पण डावी सीट मी कोणाच्या मापाची केली ते सांगतो. मला मीठ लागलं नाही. नऊ वर्षं मी त्या माणसासमोर जमिनीवर बसून काम केलं होतं. तरुणपणी एसटीच्या पायरीवरून पडल्यापासून ते डाव्या कुशीवर कलून बसतात, उजवा खांदा जरा वर. टेकताना मान टेकवत नाहीत, पाठीचा मधला भाग टेकवतात. मी डाव्या बाजूला काथ्या कमी भरला, उजवीकडे एक थर चढवला, पाठीला मधोमध हात मावेल एवढा उंचवटा दिला. दाभणाने पहिल्याच दिवशी दोन बोटं फोडली. तीनदा बांधलेलं सोडलं. मेस्त्री समोर बसून बघत होते. वाकडी सीट होतेय हे आंधळ्याला कळलं असतं, आणि चुकलेल्या टाक्यावर ज्यांनी मला आयुष्यभर शिव्या घातल्या ते एक अक्षर बोलत नव्हते. मी मान वर केली नाही. कधीतरी फक्त त्यांचा पाय पुढे येऊन, काथ्याचा एखादा पुंजका माझ्याकडे सरकवायचा.

सीट बसवल्या त्या दिवशी उघडीप होती. उजवी चपखल बसली, डावीही. दार लागलं. काकींनी हळदकुंकू लावलं. मी डाव्या बाजूचं दार उघडलं आणि म्हटलं, "चला मेस्त्री. निडीपर्यंत जाऊन येऊ."

मेस्त्रींनी घरातून टोपी आणवली. दारापाशी आले. डावा हात दारावर ठेवला, उजवा पाय आत टाकला आणि वाकायला लागले. गुडघा अर्ध्यावर थांबला. पुन्हा प्रयत्न केला. मग पाठमोरे होऊन बघितलं, खुर्चीत बसतात तसं. पण खुर्ची गुडघ्याएवढी असते. ही सीट जमिनीपासून वीतभर. मी दोन्ही काखांत हात घालून धरलं. वजन असं काही राहिलंच नव्हतं त्यांचं. अर्धं खाली नेलं तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता.

"पुरे करा ओ," काकी म्हणाल्या.

मी त्यांना वर उचललं. ते दाराला धरून उभे राहिले, धाप लागली होती. मग मला म्हणाले, "तू बस तिकडं."

"मी?"

"बस तर."

मी डाव्या सीटवर बसलो. बसलो तसा डावीकडे कललो, उजवा खांदा वर आला. पाठीच्या मधोमध तो उंचवटा लागला. दुसऱ्याच्या अंगात शिरल्यासारखं वाटलं. मेस्त्री वरून बघत होते.

"माझीच हाय ना?"

"व्हय."

त्यांनी वाकता येईल तेवढं वाकून हात लांब केला आणि माझ्या पाठीमागे, चामड्यावर, तो उंचवटा दाबून बघितला. बराच वेळ. शिवणीवर बोट फिरवलं.

"डावीकडं अजून अर्धा पुंजका कमी पाह्यजे व्हता," ते म्हणाले. आणि मग, तशाच आवाजात, "गुडघे तीन वर्षांमागं गेले. तवर मी पायऱ्या सुद्धा पळत उतरत व्हतो."

 मला हिशेब येतो. त्या तीन वर्षांच्या आधी, उद्घाटनापासूनची अठरा-एकोणीस वर्षं होती आणि रस्ता तासाभराचा होता. गाडी नव्हती, हे खरं. पण जीप होती, टेम्पो होता, एसटी तर होतीच.

"सीट उंच करतो," मी म्हटलं. "खाली लाकडी ठोकळे टाकतो. चार इंच, सहा इंच, म्हणाल तेवढे."

"येडा हायस काय? गाडीची शोभा जाईल."

"जाऊ दे."

"अजिबात नाय. सीट झाकून ठेव, उन्हानं चामडं तडकेल."

त्या दिवशी मी एकटाच पेणला परत आलो. उजव्या सीटवर मी टेकून बसलो होतो, त्यांनी म्हटलं होतं तसा. शेजारची सीट नवी, कडक, चकाकत होती. काथ्याच्या सीटवर माणूस बसत गेला की ती मऊ होत जाते. ही तशीच राहणार.

बायको नंतर एकदा बसून बघायला तयार झाली. म्हणाली, वाकडी आहे, कंबर डावीकडे जाते, सरळ करून घ्या. मी म्हटलं, ती तशीच असते. तिने पुढे विचारलं नाही. कधी यायचं असलं तर डाव्या बाजूला टॉवेलची घडी घालून बसते.

पण रविवारी मी बहुतेक एकटाच जातो. गाडी मेस्त्रींच्या दारात, डावी बाजू ओसरीकडे करून लावतो. ते खुर्ची बाहेर आणवतात आणि गाडीच्या दाराला अगदी चिकटून बसतात, एक हात आत टाकून, डाव्या सीटच्या पाठीवर ठेवून. मी स्टिअरिंगसमोर. मी खाली, ते वर. काकी चहा देतात तो पुढच्या काचेवरून पलीकडे द्यावा लागतो. आम्ही फोमच्या भावावर बोलतो, मोबाईलवाल्याच्या भाड्यावर बोलतो, बऱ्याचदा भांडतो. चहा झाला की ते म्हणतात, "चालू कर जरा." मी इंजिन चालू करतो. जागेवरच. त्यांचा हात सीटच्या पाठीवर थरथरतो, स्वतःहून की इंजिनामुळे, सांगता येत नाही. ते रस्त्याकडे बघत असतात. पाच मिनिटांनी म्हणतात, "बंद कर. पेट्रोल जळतंय."